ग्रेट लेक्स १९१८: प्रदर्शनाच्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५

काम ठरले. दिवाळीच्या कार्यक्रमात मराठी शाळेच्या दालनात दरवर्षी एक विषय मांडतो. यंदाचा विषय आपल्या परिसरातलाच: शिकागोजवळच्या ग्रेट लेक्स नौदल प्रशिक्षण तळाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा १९१८चा हंगाम. आपल्यापैकी बरेच जण लेक काउंटीत राहतात, त्या तळाच्या फाटकावरून रोज कामाला जातात, शिकागोच्या लोकलवर त्याच नावाचे स्टेशन आहे. मुले शाळेच्या संघातून फुटबॉल खेळतात आणि घरी शिकागो बेअर्सचे सामने लागतात. पहिले महायुद्ध चालू असताना या तळाच्या संघाने आयोवा, इलिनॉय, नोटर डेम, रटगर्स, अॅनापोलिसची नौदल अकादमी आणि पर्ड्यू यांच्याशी सामने खेळले, हंगामात एकदाही हरला नाही आणि १ जानेवारी १९१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाचा सामना (आजचा रोझ बोल) जिंकला. हे मराठीत कुठे नीट लिहिलेले माझ्या तरी पाहण्यात नाही.

मोठे फलक करायचे, प्रत्येकी दोन-तीन परिच्छेद आणि एक चित्र किंवा छायाचित्र. छपाई फोमच्या पाटीवर. मजकूर मी लिहिणार, चित्रे पुण्याची मैत्रीण काढणार, तपासायला शाळेच्या बाई. त्या काळची छायाचित्रे आता हक्कमुक्त असल्याने परवानग्यांची कटकट नाही.

१५ जून

पहिला फलक तळाचा. सुरुवात सामन्यांपासून करायची नाही, हे मी आजच ठरवून टाकले. आधी तळ उभा राहिला पाहिजे, मग मैदान.

तळ मिशिगन सरोवराच्या काठी, शिकागोच्या उत्तरेला, १९११ साली सुरू झाला. समुद्रापासून इतक्या दूर नौदलाची शाळा कशासाठी, हा प्रश्न मुले नक्की विचारतील. उत्तर सरळ आहे. नौदलात भरती होणारी पुष्कळ मुले मध्य-पश्चिमेच्या शेतांतून आणि कारखान्यांतून येत होती. त्यांना घराजवळ घडवायचे आणि मग गाडीत बसवून बंदरावर पाठवायचे. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि तळाचे रूपच पालटले. तंबू, लाकडी बराकी, झोपायला झोळ्या, कवायतीची मैदाने. १९१८च्या सप्टेंबरात तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसे होती. युद्धकाळात सव्वा लाखाच्या आसपास खलाशी इथून तयार होऊन गेले. प्रमुख होते कॅप्टन विल्यम मॉफेट. बँड उभा करायला जॉन फिलिप सूझा आले, वय साठीच्या पुढे, तरी नौदलाची राखीव नेमणूक घेऊन.

फुटबॉल यात कसा आला? १९१७ मध्ये युद्धखात्याने आणि नौदलाने प्रशिक्षण छावण्यांतल्या जीवनासाठी आयोग नेमले. युद्धखात्याच्या आयोगावर रेमंड फॉस्डिक होते, नौदलाच्या बाजूने खेळांची व्यवस्था वॉल्टर कॅम्प यांच्याकडे होती. हे तेच कॅम्प, ज्यांनी अमेरिकन फुटबॉलचे नियम बसवले. विचार असा की हजारो तरुण पोरे एका जागी कोंडली की संध्याकाळी दारूच्या गुत्त्याकडे आणि वेश्यावस्तीकडे वळतात. त्यांना खेळ द्या, गाणे द्या, सामने द्या. शिवाय अंगातली रग आणि सांघिक शिस्त सैन्याला हवीच होती. मला हा विचार शहाणपणाचा वाटतो. फलकावर तो आदराने मांडला आहे.

२२ जून

नियमांचा फलक. आपल्याकडच्या आजी-आजोबांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेल्या माणसांची झोंबाझोंबी वाटते. १९१८चा खेळ समजायला चार गोष्टी पुरेत.

चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही तर चेंडू दुसऱ्याला. टचडाऊनला, म्हणजे चेंडू घेऊन समोरच्यांच्या गोलरेषेपार जाण्याला, सहा गुण, त्यानंतरच्या किकला एक, आणि फील्ड गोलला, म्हणजे चालू खेळात चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारण्याला, तीन. हे गुण १९१२पासून आजच्यासारखेच आहेत, त्यामुळे १९१८चे गुणफलक आजच्या माणसाला लगेच वाचता येतात: १०-० म्हणजे एक टचडाऊन, एक किक, एक फील्ड गोल. पुढे फेकलेला पास १९०६पासून कायदेशीर होता, पण चेंडू आजच्यापेक्षा गुबगुबीत असल्याने फेकणे अवघड आणि ड्रॉप किक सोपी. चेंडू जमिनीवर टाकून, टप्पा उठताक्षणी लाथ मारायची.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असा प्रकार तेव्हा नव्हता. तीच अकरा माणसे दोन्ही बाजू खेळत. पॅसाडेनाच्या सामन्यात एकाच खेळाडूने पास झेलून टचडाऊनही केला आणि प्रतिस्पर्ध्याचा पास मध्येच पकडून पळालाही, ते यामुळे. हे आधी सांगितले नाही तर शेवटचा फलक कोणाला कळणार नाही.

६ जुलै

आज दिवसभर वेळापत्रकावर बसलो. इलिनॉय विद्यापीठाच्या वृत्तपत्रसंग्रहात १९१८चे अंक घरबसल्या वाचता येतात. खेळाच्या पानावर सामने आहेत आणि त्याच अंकांच्या इतर पानांवर साथ आहे. हे दोन्ही शेजारी ठेवून वाचल्यावर हंगाम वेगळाच दिसू लागतो.

पहिला सामना २८ सप्टेंबर १९१८, आयोवा सिटी. ग्रेट लेक्स १०, आयोवा ०. कोणत्याही क्रीडा-इतिहासात ही एक ओळ आहे. पण त्या दिवशी तळावर काय चालू होते? इन्फ्लुएन्झा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तळावर शिरला होता. पूर्व किनाऱ्यावरच्या नौदलाच्या ठाण्यांवर तो आधीच पसरला होता आणि ठाण्याठाण्यांतून माणसांची ये-जा थांबलेली नव्हती. पंधरा दिवसांत हजारो खलाशी अंथरुणाला खिळले. इस्पितळ भरले, मग बराकी इस्पितळ झाल्या. नौदलाच्या परिचारिका जोसी ब्राउन यांची त्या दिवसांची आठवण नोंदवलेली आहे: शवागारात प्रेते एकावर एक रचून जवळजवळ छताला टेकलेली, आणि पुढची माणसे अजून जिवंत असतानाच त्यांच्यासाठी कफनाची चादर तयार. साथ सरली तेव्हा एकट्या या तळावर नऊशेहून जास्त जण गेले होते. बहुतेक विशी-बाविशीचे. युद्धाला निघालेली, पण जहाजाचे तोंडही न पाहिलेली मुले. पश्चिमेला रॉकफर्डजवळ लष्कराची कॅम्प ग्रँट छावणी होती, तिथे हजाराहून अधिक.

त्याच २८ सप्टेंबरला फिलाडेल्फियात युद्धकर्जाच्या प्रचाराची मिरवणूक निघाली, रस्त्यावर दोन लाखांच्या घरात लोक, आणि पुढच्या काही दिवसांत त्या शहराची इस्पितळे ओसंडली. ही तारीख साथीच्या प्रत्येक इतिहासात आहे. आयोवा सिटीतला सामनाही त्याच दिवशीचा, हे मात्र मला कुठे एकत्र लिहिलेले दिसले नाही.

मग सामन्यांतल्या रिकाम्या जागा पाहिल्या. दोन महिन्यांच्या हंगामात कितीतरी शनिवार मोकळे. इलिनॉयशी ७-० आणि नॉर्थवेस्टर्नशी ०-० हे दोनच निकाल सबंध ऑक्टोबराचे. त्या महिन्यात देशभर सामने रद्द होत होते, पुढे ढकलले जात होते, काही ठिकाणी प्रेक्षकांना बंदी करून खेळवले जात होते. शिकागोत सार्वजनिक कार्यक्रमांवर निर्बंध आले. शिवाय १ ऑक्टोबरला विद्यार्थी लष्करी प्रशिक्षण दल सुरू झाले आणि पाचशेहून अधिक कॉलेजे एका रात्रीत छावण्या झाली. विद्यार्थी गणवेशात, वर्गांइतकीच कवायत. म्हणजे ग्रेट लेक्स ज्या कॉलेजांशी खेळत होते, तीही तेव्हा अर्धी लष्करीच होती.

तिसरा फलक यावरच होणार. मधोमध १९१८चे सप्टेंबर-ऑक्टोबरचे कॅलेंडर, सामन्याच्या दिवशी चेंडू, बाकी चौकटी मोकळ्या, आणि खाली तळावरच्या मृत्यूंचा आकडा. कॅलेंडर पुरेसे बोलते, त्यावर आणखी सजावट नको, असे मैत्रिणीला लिहिले.

१३ जुलै

बाईंनी तिसरा फलक वाचला आणि लगेच फोन केला. त्यांच्या पणजीचे सगळे घर मानमोडीत, १९१८च्या तापाच्या साथीत, गेले होते, साताऱ्याकडे. "हे आणि ते एकच का हो?" एकच. आणि हा धागा प्रदर्शनात आलाच पाहिजे.

मुंबईत १९१८च्या उन्हाळ्याच्या शेवटी साथ उतरली, गोदीतून. १० जूनला पोलिसांच्या इस्पितळात सात शिपाई दाखल झाले, त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. मुंबई तेव्हा मेसोपोटेमियाच्या मोहिमेचे बंदर होती, सैन्याची जहाजे येत-जात होती. पहिली लाट सौम्य गेली. सप्टेंबरात दुसरी आली ती माणसे झोपवत सुटली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महाग, आणि उपाशी अंगावर ताप. मुंबई इलाख्यात दहा लाखांच्या आसपास माणसे गेली, सबंध हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक.

म्हणजे ६ ऑक्टोबरचा तो रविवार ग्रेट लेक्सच्या आयोवा आणि इलिनॉय सामन्यांच्या मधला. तळावरच्या मुलांना आणि गिरगावातल्या चाळींना एकाच युद्धाच्या जहाजांनी आणि गाड्यांनी एकच ताप पोहोचवला. कॅलेंडरवर त्या चौकटीत मुंबईचा आकडा घातला आहे. आपल्या लोकांनी या फलकापाशी थोडे जास्त थांबावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२७ जुलै

शाळेच्या बैठकीत एकच मोठा वाद झाला, तो जॉर्ज हालसवरून. दोघा-तिघांचे म्हणणे होते की पहिला फलक हालसचा हवा. बेअर्सचा संस्थापक, चाळीस वर्षे प्रशिक्षक, लोक नाव ओळखतात, गर्दी त्या फलकापाशी जमेल. म्हणणे खोटे नाही. तरीही मी ठाम राहिलो.

या हंगामाची गोष्ट नेहमी अशीच सांगितली जाते: हालस, पॅडी ड्रिस्कॉल आणि जिमी कॉन्झेलमन, पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान-दालनात गेलेले तिघे, एकाच नौदल संघात होते. मग सगळा हंगाम त्या तिघांच्या पुढच्या आयुष्याची प्रस्तावना होऊन बसतो. पण १९१८च्या ऑक्टोबरात कोणालाच पुढचे ठाऊक नव्हते. हालस तेव्हा तेवीस वर्षांचा, नुकताच इलिनॉयमधून बाहेर पडलेला तरुण. राष्ट्रीय फुटबॉल लीग नावाची वस्तूच नव्हती. आणि त्याच तळावर त्याच्याच वयाची माणसे आठवड्याला शेकड्यांनी मरत होती. तळाच्या कॅलेंडरने गोष्ट सांगितली तर हे दोन्ही दिसते. हालसच्या चरित्राने सांगितली तर साथ तळटीप होते.

अखेर सगळ्यांनी मानले. तिघांची ओळख चौथ्या फलकावर, ऑक्टोबरातल्या दोन सामन्यांबरोबर. आणि ती जागा त्यांना खरोखर शोभते. कारण इलिनॉयविरुद्धच्या सामन्यात हालस आपल्याच विद्यापीठाविरुद्ध उभा होता, ज्या बॉब झुप्की यांनी त्याला शिकवले त्यांच्याच संघाविरुद्ध. आणि नॉर्थवेस्टर्नचा सामना ड्रिस्कॉलसाठी तसाच, कारण दोनच वर्षांपूर्वी तो त्या कॉलेजाचा कर्णधार होता. एक ७-० जिंकला, दुसरा ०-० सुटला. संघाचा मध्यरक्षक चार्ली बॅकमन नोटर डेमचा, कॉन्झेलमन सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला. युद्धाने मध्य-पश्चिमेची उत्तम पोरे कॉलेजांतून उचलून एका बराकीत आणली होती. गुणफलकावर हा संघ एवढा भारी का दिसतो, त्याचे उत्तर एवढेच.

१० ऑगस्ट

पाचवा फलक, नोटर डेम. ९ नोव्हेंबर १९१८, साउथ बेंड, ७-७.

नट रॉकनी यांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून हे पहिलेच वर्ष. संघात जॉर्ज गिप, पुढे नावाजलेला खेळाडू. पुढची बारा-तेरा वर्षे अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर राज्य करणारा माणूस इथे नवखा आहे, हाताशी साथीने आणि भरतीने विरळ झालेला संघ आहे, आणि तरी त्याने ग्रेट लेक्सला बरोबरीत रोखले. ग्रेट लेक्सच्या हंगामातले हे दुसरे आणि शेवटचे अनिर्णित.

या सामन्याची तारीख पाहा. दोन दिवसांनी, ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधी झाली. म्हणजे ग्रेट लेक्सचा युद्धकाळातला शेवटचा सामना हाच. यापुढचे सगळे सामने शांततेतले आहेत, पण माणसे अजून गणवेशात आहेत, सुटकेची वाट पाहत. संघ फुटला नाही, कारण नौदलाने कोणाला लगेच घरी सोडले नाही. उलट गाडी पूर्वेकडे निघाली.

चित्र: रेल्वेचा डबा, खिडकीतून दिसणारा आनंदोत्सव. मैत्रिणीने डब्यातल्या चेहऱ्यांवर आनंद काढला नाही, थकवा काढला. छान केले.

२४ ऑगस्ट

रटगर्स. १६ नोव्हेंबर, ब्रुकलिनचे एबेट्स फील्ड, ५४-१४. हा खेळ म्हणून फार सांगण्यासारखा नाही. एका बाजूला ग्रेट लेक्स, दुसऱ्या बाजूला कॉलेजची मुले, आणि ड्रिस्कॉल मोकाट सुटलेला.

पण रटगर्सच्या त्या हंगामातल्या संघात पॉल रोबसन हा कृष्णवर्णीय खेळाडू होता. पुढे जगाने ज्याचा खर्जातला आवाज ऐकला, तोच. वॉल्टर कॅम्प यांनी त्याला अखिल अमेरिका संघात निवडले होते. त्याआधीच्या वर्षी, याच एबेट्स फील्डवर, रटगर्सने न्यूपोर्टच्या नौदल राखीव दलाचा नामवंत खेळाडूंनी भरलेला संघ १४-० हरवला होता आणि रोबसनचा त्यात मोठा वाटा होता.

आता तळाकडे वळून पाहिले की एक गोष्ट खटकते. रोबसनसारखा तरुण नौदलात गेला असता तर त्याच्या वाट्याला बहुधा मुदपाकखाना आला असता. कृष्णवर्णीय तरुणांना तेव्हाच्या नौदलात मुख्यतः स्वयंपाकी, वाढपी, बॉयलरवर कोळसा ओढणारा हीच कामे. ग्रेट लेक्सचा संघ गोऱ्यांचा होता, आणि तो योगायोग नव्हता. मुलांसाठीच्या फलकावर हे हवे का, असे बाईंनी विचारले. मी म्हटले, मुलांसाठीच हवे. इथे शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना रंगाचा प्रश्न अनोळखी नाही.

७ सप्टेंबर

सातवा फलक. सगळ्यात रंगलेला. २३ नोव्हेंबर, अॅनापोलिस, नौदल अकादमी.

नौदलाविरुद्ध नौदल. पण दोन्ही बाजू सारख्या नाहीत. अकादमीतली मुले उद्याचे अधिकारी, ग्रेट लेक्सची निळ्या सदऱ्यातली भरती. (संघात हालससारखे काही कनिष्ठ अधिकारी होते, पण संघाची ओळख निळ्या सदऱ्यांचीच.) अकादमीचे प्रशिक्षक गिल डोबी, देशातल्या नावाजलेल्या प्रशिक्षकांपैकी एक. सामना त्यांच्या घरच्या मैदानावर.

अकादमीने आधी टचडाऊन केला, किक हुकली. ६-०. ग्रेट लेक्सचे काही चालेना. मग शेवटच्या भागात अकादमीची मुले पुन्हा ग्रेट लेक्सच्या गोलरेषेच्या तोंडाशी आली. आणखी एक टचडाऊन म्हणजे खेळ संपला. धक्काबुक्कीत चेंडू निसटला, उडाला, आणि हॅरी आयेलसनच्या हाती आला. समोर सगळे मैदान मोकळे. तो धावत सुटला. जवळजवळ पूर्ण लांबी. मागे कोणी पोहोचू शकत नाही हे सगळ्यांना दिसत होते. तेवढ्यात अकादमीच्या बाकावरचा एक राखीव खेळाडू, जो सामन्यात नव्हताच, उठून मैदानात आला आणि त्याने आयेलसनला आडवा केला.

गोंधळ उडाला. अखेर टचडाऊन ग्रेट लेक्सला दिला गेला. ह्यू ब्लॅकलॉकने किक मारली. ७-६.

मला या प्रसंगात दोन गोष्टी जपून ठेवाव्याशा वाटतात. त्या बाकावरच्या मुलाला खलनायक करू नये. वीस-एकवीस वर्षांचा, आपला संघ डोळ्यांसमोर हरतो आहे, पाय मेंदूच्या आधी निघाले. असेच पुन्हा १ जानेवारी १९५४ रोजी कॉटन बोलमध्ये घडले. अलाबामाच्या टॉमी लुइसने बाकावरून उठून राइसच्या डिकी मेगलला पाडले, आणि तिथेही टचडाऊन दिला गेला. दुसरी गोष्ट निवाड्याची. हे अकादमीचे स्वतःचे मैदान होते, समोर त्यांच्याच नौदलातली खालच्या हुद्द्याची माणसे होती, आणि तरी निर्णय घरच्यांविरुद्ध लागला. युद्धातून बाहेर पडणाऱ्या सैन्यात हे घडावे, याचे मला फार मोल वाटते.

या फलकाला सहा चौकटींची चित्रमाला. मैत्रिणीने आयेलसनची धाव चार चौकटींत ताणली आहे, बाकावरचा मुलगा पहिल्याच चौकटीत कोपऱ्यात दिसतो. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

२१ सप्टेंबर

पर्ड्यू, ३० नोव्हेंबर, २७-०. फलकावर दोन ओळी.

मग पॅसाडेना. लोक याला सरसकट रोझ बोल म्हणतात, पण आजचे स्टेडियम १९२२चे. १९१९चा सामना टूर्नामेंट पार्कच्या मैदानावर झाला. नेहमी इथे कॉलेजे येत. युद्धाच्या दोन वर्षांत कॉलेजांऐवजी सैन्याचे संघ आले: १ जानेवारी १९१८ रोजी मेअर आयलंडच्या मरीननी कॅम्प लुइसच्या लष्करी संघाला १९-७ हरवले, आणि पुढच्या वर्षी तेच मरीन ग्रेट लेक्ससमोर. मेअर आयलंड म्हणजे सॅन फ्रान्सिस्को उपसागरापाशी व्हॅलेहोची नौदल गोदी. त्यांचाही तोपर्यंत हंगामात पराभव नव्हता.

१७-०. ड्रिस्कॉलची ड्रॉप किक, ब्लाँडी रीव्ह्जचा टचडाऊन, मग ड्रिस्कॉलने फेकलेला ३२ यार्डांचा पास हालसने झेलून केलेला टचडाऊन. शिवाय हालसने मरीनांचा पास मध्येच उचलला आणि ७७ यार्ड पळाला, तीन यार्ड उरले असताना पडला. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचे नाव पुढे कित्येक वर्षांनी जाहीर झाले, तेव्हा ती पद्धतच नव्हती.

२२ जूनच्या नियम-फलकाचा इथे उपयोग होतो. दोन फलक समोरासमोर लावायचे, म्हणजे पाहणारा मान वळवून "तीच अकरा माणसे" हे पुन्हा वाचू शकेल.

५ ऑक्टोबर

पुढे काय झाले याचा फलक एकच, छोटा. हालस १९१९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजकडून थोडे बेसबॉल खेळला. १९२० मध्ये डिकेटरच्या स्टेली स्टार्च कंपनीने त्याला संघ उभारायला बोलावले. त्याने ग्रेट लेक्सचे सोबती गोळा केले: कॉन्झेलमन आला, अॅनापोलिसला किक मारणारा ब्लॅकलॉक आला. १७ सप्टेंबर १९२० रोजी ओहायोतल्या कॅन्टनमध्ये, राल्फ हे यांच्या मोटारींच्या दुकानात, लीगची बैठक झाली. खुर्च्या कमी म्हणून माणसे गाड्यांच्या पायऱ्यांवर बसली होती. स्टेलीचा संघ शिकागोला आला आणि १९२२ मध्ये बेअर्स झाला. ड्रिस्कॉल आधी कार्डिनल्सकडे होता, १९२६ मध्ये बेअर्सकडे आला.

मला इथे दिसतो तो तळाचा वाटा. कॉलेज सुटले की फुटबॉल संपला, अशी तेव्हाची रीत होती. युद्धाने पदवीधर झालेल्या मुलांना आणखी एक हंगाम एकत्र खेळायला लावले, देशभर फिरवले, आणि कॉलेजच्या नावाशिवायही मैदान भरते हे दाखवले. व्यावसायिक लीग त्यामुळेच आली असे मी म्हणणार नाही, ओहायोत पैसे घेऊन खेळणारे संघ आधीपासून होते. पण स्टेलीसाठी हालसला माणसे कुठे शोधायची ते ठाऊक होते.

१२ ऑक्टोबर

मोठ्या वर्गातल्या मुलांबरोबर सगळा मजकूर मोठ्याने वाचला. वाक्ये कुठे अडखळतात ते लगेच कळते. दोन फलक लहान केले.

शाळेच्या संघात खेळणाऱ्या एका मुलाने विचारले, "हे सगळे नौदलात होते ना? मग लढायला का गेले नाहीत?" रास्त प्रश्न. १९१८ मध्ये हालसची नेमणूक तळाच्या क्रीडा विभागातच राहिली, तो समुद्रावर गेला नाही. चांगल्या खेळाडूंना तळ सोडायला तयार नसत. दुसऱ्या महायुद्धात मात्र हालस सत्तेचाळीसाव्या वर्षी पुन्हा नौदलात गेला आणि पॅसिफिकमध्ये होता. मी मुलाला हेही सांगितले की तळावरच राहणे म्हणजे सुरक्षित राहणे नव्हते, तिसरा फलक पुन्हा वाच. त्याने वाचला आणि विचारले, "संघातल्या कोणाला झाला होता का ताप?" हा प्रश्न आम्ही फलकाच्या खाली जसाच्या तसा छापायचा ठरवला, त्याच्या वर्गाच्या नावाने.

२६ ऑक्टोबर

प्रदर्शन झाले. अपेक्षेप्रमाणे चित्रमालेपाशी मुले आणि कॅलेंडरपाशी आजी-आजोबा. एका काकांनी कोल्हापूरकडच्या मानमोडीच्या घरच्या आठवणी सांगितल्या, एका आजींनी वहीत लिहून दिल्या. परवानगी घेऊन त्या फलकासोबत जोडणार आहे. तळावर नोकरी करणारे एक गृहस्थ आले होते, त्यांनी कॅलेंडरचा फोटो काढून सहकाऱ्यांना पाठवला. फलक आता स्थानिक ग्रंथालयाला काही दिवस हवे आहेत. इंग्रजी मजकूर लावायचा की मराठीच ठेवायचा, यावर बोलणे चालू आहे. माझे मत दोन्ही, मराठी वर.

पुढच्या वर्षी दुसरे महायुद्ध, तळ तोच. २७ नोव्हेंबर १९४३: ग्रेट लेक्स १९, नोटर डेम १४, शेवटची ३३ सेकंद उरली असताना स्टीव्ह लॅकचा पास पॉल अँडरसनने झेलला. आणि १ डिसेंबर १९४५: प्रशिक्षक पॉल ब्राउन, नोटर डेमवर ३९-७, आणि संघात मॅरियन मॉटली, कृष्णवर्णीय फुलबॅक. रटगर्सच्या फलकावर जो प्रश्न उघडा राहिला आहे तो तिथे पुढे सरकतो: १९४२ मध्ये तळावर कृष्णवर्णीय खलाशांच्या प्रशिक्षणासाठी कॅम्प रॉबर्ट स्मॉल्स सुरू झाला, पण गोऱ्यांपासून वेगळा, आणि मार्च १९४४ मध्ये नौदलाचे पहिले कृष्णवर्णीय अधिकारी याच तळावर शिकून बाहेर पडले. मॉटलीपासून सुरुवात करावी की कॅम्प स्मॉल्सपासून, हे या वेळीही आधी ठरवावे लागेल. मी कॅम्प स्मॉल्सच्या बाजूने आहे. मैत्रिणीला बराकीचे आराखडे पाठवले आहेत.